हजार फुटांची जबाबदारी

मुंबईहून हैदराबादकडे सरळ रेघ ओढली, तर ती धाराशिव जिल्ह्यातून, जवळजवळ तुळजापूरवरूनच जाते. आणि पूर्वेकडे निघालेल्याने विषम व पश्चिमेकडे निघालेल्याने सम पातळी धरावी या शिरस्त्याप्रमाणे तेथे एक विमान 33,000 व समोरचे 34,000 फुटांवर असेल, तर उभयतांत हजार फुटांचीच तफावत उरते. 29,000 फुटांच्या वर पूर्वी ही तफावत दुप्पट असे. 27 नोव्हेंबर 2003 पासून आपल्याकडे ती निम्म्यावर आली, आणि उंचीमापकांची अचूकता पाहता ते योग्यच झाले. मात्र प्रत्येकी 450 नॉट वेगाने समोरासमोर येणारी विमाने पाच सागरी मैलांचे अंतर वीस सेकंदांत संपवतात, आणि तेवढ्यात चुकलेला हुकूम दुरुस्त करून तो अंमलात आणवणे हे भल्याभल्यांना साधत नाही.

म्हणून विहित अंतर मोडते ते बहुधा पडद्यावर दिसण्यापूर्वी, बोलण्या-ऐकण्यात. 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीवर दोन विमानांच्या टक्करीत 349 माणसे गेली, तेव्हा कझाक विमानाला 15,000 फुटांची मर्यादा घालून दिलेली होती, सौदी विमान 14,000 वर होते, आणि समोरून येणाऱ्या विमानाची इत्तलाही नियंत्रकाने दिलेली होती. परंतु दिल्लीचे तत्कालीन रडार उंची दाखवीत नसल्याने रेडिओवरील शब्दापलीकडे खातरजमेचे साधन त्याच्या हाती नव्हते.

आज उंची दिसते, धोक्याची सूचनाही मिळते, तरी 7 फेब्रुवारी 2018 रोजी मुंबईच्या हवाई क्षेत्रात पुण्याकडे येणारे विस्ताराचे आणि भोपाळकडे निघालेले एअर इंडियाचे विमान सुमारे शंभर फुटांच्या अंतरावर आल्याचे प्रसिद्ध झाले. विमानातील टीकॅस यंत्रणेच्या इशाऱ्याने अनर्थ टळला. विस्ताराच्या विमानाला 29,000 वर राहण्यास सांगितले होते की खाली उतरण्यास, याविषयी मात्र दोन कथने पुढे आली. आमच्या मते या घटनेचे मर्म शंभर फुटांत नसून या दोन कथनांत आहे.

वैमानिकाने हुकूम परत म्हणून दाखवणे, म्हणजे रीडबॅक, ऐकताना नियंत्रकाचे लक्ष पुढच्या विमानाकडे गेलेले असते, आणि आपण जे सांगितले तेच परत आले असे कान परस्पर मान्य करून टाकतो. हे गर्दीच्या वेळी माइकसमोर बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे, फक्त दप्तरात त्याची नोंद होत नाही. नोंद व्हावी कशी? अंतरभंग झाला की नियंत्रकास कामावरून बाजूला करतात (चौकशीपुरते ते समजण्यासारखे आहे) आणि लगेच लेखी खुलासा मागतात. मग तो खुलासा आठवणीतून, भीतीपोटी, आणि साहजिकच स्वतःच्या बचावासाठी लिहिला जातो. आमची पर्यवेक्षकांना विनंती एवढीच, की संबंधिताला आधी ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकू द्यावे, शक्य तर त्याच पाळीतील सहकाऱ्याच्या शेजारी बसवून, आणि कागद त्यानंतरच त्याच्यापुढे ठेवावा.