पावसाला साक्षीला बोलावणारे

भारतातील पाऊस आम्लधर्मी नाही, सबब औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील गंधक रोखण्याची निकड नाही, असा युक्तिवाद वीज-भांडवलाचे कैवारी करतात. तो अर्धसत्य आहे. स्वच्छ हवेतील पावसाचा सामूसुद्धा कार्बन डायऑक्साइडमुळे 5.6 च्या आसपास असतो. आपल्याकडे तो वर राहिला तो धुळीतल्या चुनखडीमुळे. ती गंधकाचे आम्ल मारते. म्हणजे गिरणीवाल्याचे देणे मातीने फेडायचे! शिवाय पाऊस वर्षातून चार महिने. उरलेले आठ महिने तेच गंधक सल्फेटचे सूक्ष्म कण होऊन वीजकेंद्राभोवतीच्या कामगारवस्तीच्या फुप्फुसांत उतरते. तेथे चुनखडी नाही.

आणि आता पाऊसही साक्ष फिरवीत आहे. हवामान खात्याच्या 10 केंद्रांवरील 1987 ते 2021 च्या नोंदींत बहुतेक ठिकाणी सामू घसरताना दिसतो. विशाखापट्टणम व प्रयागराज त्यांत आहेत. तरीही डिसेंबर 2015 मध्ये दोन वर्षांच्या मुदतीने घातलेले बंधन वारंवार लांबणीवर टाकून जुलै 2025 मध्ये सरकारने बहुसंख्य वीजकेंद्रांना त्यातून मुक्तच केले. ही सूट रद्द झाली पाहिजे, आणि गंधक-निर्मूलन यंत्रणेचा खर्च वीजबिलातून नव्हे, कंपन्यांच्या नफ्यातून वसूल झाला पाहिजे.