एम.फिल.ची समाप्ती : संशोधनाची पहिली पायरी कोणासाठी काढली?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जुलै 2020 रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. संसदेत त्यावर चर्चा झालेली नव्हती. या धोरणात एम.फिल. अभ्यासक्रम बंद करण्यात येईल असे एका वाक्यात सांगितले आहे. कारण दिलेले नाही, पर्याय सुचविलेला नाही. त्यानंतर दिल्ली विद्यापीठाने 2022-23 पासून प्रवेश थांबविले, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या विनियमांनी ही पदवीच रद्द केली, आणि डिसेंबर 2023 मध्ये आयोगाने विद्यार्थ्यांना असा प्रवेश न घेण्याची ताकीद दिली. अर्ध्या शतकाच्या परंपरेचा असा निकाल लागला.

हा प्रश्न केवळ विद्यापीठांच्या कारभाराचा आहे असे मानणे चुकीचे ठरेल. संशोधनाच्या क्षेत्रात कोणाला शिरता यावे आणि कोणाला येऊ नये, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

एम.फिल.चा अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचा होता. आधी संशोधनपद्धती आणि विषयाचा सखोल अभ्यास, नंतर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली लघुप्रबंध. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्याला संदर्भ कसे शोधावेत, युक्तिवाद कसा रचावा, हे येथे शिकता येई. दोन वर्षांनंतर घरच्या जबाबदारीमुळे थांबावे लागले तरी हातात पदवी असे. पीएच.डी.ला मात्र किमान तीन आणि नियमानुसार कमाल सहा वर्षे द्यावी लागतात, आणि मध्येच सोडल्यास पदरात काहीच पडत नाही. संपन्न घरातील विद्यार्थ्याला हा धोका परवडतो. शेतमजुराच्या मुलाला तो परवडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर आकडेच बोलके आहेत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार, बंदीपूर्वीच्या वर्षांत एम.फिल.च्या विद्यार्थ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते, तर पीएच.डी.मध्ये ते निम्म्याहून कमी होते. लग्न, बाळंतपण आणि नोकरी यांच्या ओढाताणीत मुलींना दोन वर्षे मिळू शकत होती, सहा मिळत नव्हती. ज्या पायरीवर मुली बहुसंख्येने उभ्या होत्या, तीच पायरी काढून टाकण्यात आली.

निर्णयाचे समर्थक सांगतात की, एम.फिल.चा दर्जा घसरला होता, अनेक ठिकाणी ती नोकरीसाठी मिळवायची औपचारिकता झाली होती, आणि पीएच.डी.तही अभ्यासक्रम-कार्य असतेच. यात तथ्याचा अंश आहे. परंतु ही अवस्था कोणी आणली? 1989 मध्ये नेट परीक्षा सुरू झाल्यानंतर 1993 च्या अखेरपर्यंत एम.फिल. झालेल्यांना तीतून सूट मिळाली. 2006 मध्ये पदवी महाविद्यालयांतील अध्यापनासाठी ती पुन्हा देण्यात आली, आणि 2009 मध्ये काढून घेण्यात आली. सूट असे तेव्हा पदवीला बाजारभाव येई आणि सूट गेली की तो कोसळे. दर्जा ढासळला असेल तर त्याचा उपाय ग्रंथालये, पुरेसे मार्गदर्शक आणि कायम प्राध्यापकांची भरती हा होता. घर गळते म्हणून ते पाडायचे आणि राहणाऱ्यांना रस्त्यावर सोडायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

शिवाय सरकारला स्वतःलाच हा नियम सरसकट लावता आला नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार-सामाजिक कार्य या विषयांतील एम.फिल.ला आयोगाने जानेवारी 2024 मध्ये 2025-26 पर्यंत मुदतवाढ दिली, कारण या पदवीशिवाय रुग्णालयांना प्रशिक्षित माणसे मिळेनात. गरज पटली तेथे तडजोड झाली. सामान्य घरातील विद्यार्थ्यांची गरज मात्र सरकारला पटली नाही.

एक दार बंद करताना दुसरे रुंद केले, असेही झालेले नाही. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळेल असे सांगितले जाते, पण त्यासाठी 75 टक्के गुणांची अट आहे (राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत), आणि चौथ्या वर्षाचा खर्च कुटुंबानेच उचलायचा आहे. विद्यापीठांच्या स्वतंत्र प्रवेश-परीक्षांच्या जागी नेटचे गुण वापरण्याचे आयोगाने 2024 मध्ये ठरविले. त्याच वर्षी 18 जूनला 9 लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली! देशभरच्या संशोधनाची किल्ली एकाच परीक्षेच्या हाती दिल्यावर काय होते, ते तेव्हा सर्वांनी पाहिले.

ही एकाकी घटना नव्हे. 2015 मध्ये नेट-बाह्य अधिछात्रवृत्ती बंद करण्याचा निर्णय झाला. एम.फिल.साठी दरमहा 5,000 आणि पीएच.डी.साठी 8,000 रुपये, एवढीच ती रक्कम होती. 2017 मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संशोधनाच्या जागांवर कुऱ्हाड पडली. 2022 मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बंद झाली. कोठारी आयोगाने 1966 मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्चाची शिफारस केली होती. नव्या धोरणातही तोच आकडा आहे. आकडा कागदावर राहतो, कात्री मात्र प्रत्यक्षात चालते.

पण 2015 चा अनुभव आणखी एक गोष्ट शिकवतो. दिल्लीत आयोगाच्या कार्यालयासमोर विद्यार्थी ठाण मांडून बसले आणि ती अधिछात्रवृत्ती चालू ठेवणे सरकारला भाग पडले. म्हणून शिक्षक व विद्यार्थी संघटनांनी स्पष्ट मागण्या घेऊन पुढे आले पाहिजे. पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. यांच्यामध्ये दोन वर्षांची मान्यताप्राप्त संशोधन-पदवी असावी. पीएच.डी. मध्येच सोडावी लागणाऱ्यास केलेल्या कामाचे प्रमाणपत्र मिळावे. प्रत्येक संशोधकास जगण्यापुरती अधिछात्रवृत्ती मिळावी आणि रिक्त प्राध्यापकपदे कायमस्वरूपी भरावीत. कारखान्यांत, शेतांत आणि वस्त्यांत काम करणाऱ्या पक्षसदस्यांनीही हा लढा आपलाच मानला पाहिजे; कारण या देशाच्या श्रमिकांचा इतिहास आणि त्यांच्या जीवनाचे शास्त्र त्यांच्या घरातील मुलामुलींनी लिहायचे की नाही, याचा निर्णय येथे होत आहे.