‘आसन्न’ म्हणजे अटळ नव्हे

निबंधाच्या वह्यांत ‘आसन्न’ हा शब्द पुष्कळदां भेटतो. परंतु त्याचा अर्थ बहुधा चुकलेला असतो. कोणी लिहितो, ‘काल गांवावर आसन्न संकट कोसळलें.’ कोणी ‘आसन्न’ व ‘अटळ’ हे शब्द एकाच अर्थानें योजतो. पहिल्या चुकीनें गुण जातात. दुसरीनें प्रसंगीं प्राणहि जातील.

संस्कृतांत ‘सद्’ म्हणजे बसणें. त्यास ‘आ’ हा उपसर्ग लागून हें विशेषण सिद्ध झालें. जें जवळ येऊन बसलें आहे तें आसन्न. जें येऊन कोसळलें तें ओढवलेलें, आणि ज्यास उपायच नाहीं तें अटळ. ‘आसन्नमरण’ या समासामुळें या शब्दास निराशेची छटा चिकटली असावी; मूळ अर्थांत ती नाहीं.

ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटून पुण्यांत हाहाकार उडाला. आदल्या रात्रीं जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून तें कसेंबसें धरून ठेविलें होतें. म्हणजे संकट आसन्न असतां कांहीं तास हातीं आले होते. तरी पुष्कळ कुटुंबांस पाणी दारांत आल्यावरच तें कळलें.

पुढें आठ वर्षांनीं आपल्या प्रवरेवर तसाच प्रसंग आला. अकोलें तालुक्यांतील भंडारदऱ्याचें दगडी धरण १९२६ सालीं पुरें झालें होतें. १९६९ च्या सप्टेंबरांत त्याच्या भिंतीस तडे जाऊन पाणी गळूं लागलें. खालच्या अंगास अकोलें, संगमनेर अशीं नांदतीं गांवें! परंतु तेथें संकटास अटळ मानून कोणी स्वस्थ बसलें नाहीं. पाणी सोडून जलाशयाची पातळी उतरविण्यांत आली, व पुढें भिंतीस मागून भक्कम टेकू बांधण्यांत आले. तें धरण आजहि उभें आहे.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, संकट आसन्न आहे असें म्हणणें म्हणजे अजून कांहीं करावयास अवधि आहे असें म्हणणें होय. विहिरीचा कठडा खचलेला दिसला, किंवा वर्गाच्या भिंतीस नवी भेग आढळली, तर ती त्याच दिवशीं वडील माणसांच्या कानावर घाला. आणि पालकांनींहि ‘पोराचा भित्रेपणा’ म्हणून तें हंसण्यावारी नेऊं नये. उठून एकवार ती भेग स्वतः पाहून यावें.