नवे बुबुळ ही अमानत आहे

ईदच्या मुलाकातीला आम्ही राहुरी तालुक्यात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. घरातल्या तरुणाला दोन वर्षांपूर्वी ऊस तोडताना डोळ्यात पात लागली. जखम चिघळली, डोळ्यात फूल पडले आणि शेवटी बुबुळ रोपण करावे लागले. नवे बुबुळ अगदी स्वच्छ आहे. तरी त्याचा चष्मा कपाटात पडून होता. "चष्मा लावला की डोकं गरगरतं. खांबसुद्धा वाकडा दिसतो," तो म्हणाला. त्याची अम्मी हळूच बोलली, "ऑपरेशन वाया गेलं वाटतं."

ऑपरेशन वाया गेलेले नाही, उपचार अर्धवट राहिला आहे. अहिल्यानगर जिल्हा उसाचा. अशी जखम आपल्यापैकी कोणाच्याही घरात होऊ शकते, म्हणून हे नीट समजून घेऊ.

बुबुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. पूर्ण जाडीचे नवे बुबुळ केसाहून बारीक धाग्याने शिवतात. बहुधा १६ टाके असतात. एखादा टाका घट्ट, एखादा सैल राहिला की गोलाई बिघडते आणि मोठा सिलिंडर नंबर येतो. दोन डोळ्यांच्या नंबरांत फार फरक पडला तर चष्मा सोसवत नाही. टाके साधारण वर्ष-दीड वर्षात काढतात. त्यानंतरही नंबर काही महिने बदलत राहतो.

नंबर स्थिरावल्यावर आधी चष्मा, मग कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरून पाहतात. तेही जमले नाही तर लेसरचा विचार होतो. लेसर बुबुळाचा अतिसूक्ष्म थर काढून त्याचा आकार सुधारतो. लॅसिकमध्ये त्याआधी वरचा पापुद्रा उचलतात. रोपण केलेल्या बुबुळात नुसता पापुद्रा कापल्यानेही नंबर बदलू शकतो, म्हणून काही सर्जन आधी पापुद्रा करतात आणि काही आठवड्यांनी लेसर देतात. चष्मा कायमचा सुटेल अशी आशा मात्र धरू नये. नंबर कमी व्हावा आणि चष्मा सोसवावा, एवढाच हेतू असतो. बुबुळ पातळ असेल किंवा शरीर ते नाकारत असेल तर लेसर करत नाहीत. हा निर्णय कॉर्निया तज्ज्ञांनीच घ्यायचा.

बोलता बोलता कळले, की रमजानमध्ये रोजा तुटेल या भीतीने त्याने थेंबही बंद केले होते. हे फार धोक्याचे आहे. थेंब बंद झाले की शरीर परके बुबुळ नाकारू शकते. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्येच डोळ्यांच्या थेंबांनी रोजा तुटत नाही असे ठरवले आहे. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण थेंब थांबवू नका. त्या डोळ्यात सुरमा घालू नका, डोळा चोळू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी पहिले यशस्वी बुबुळ रोपण केले. रुग्ण चुन्याने डोळे भाजलेला मजूर होता. बुबुळ मिळाले ते ११ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचे. जखमेमुळे तो डोळा काढावाच लागला होता. आज बहुतेक बुबुळे मरणानंतर दान केलेल्या डोळ्यांतून मिळतात. घरात मयत असताना, त्या दुःखाच्या घडीला, कोणीतरी हो म्हटलेले असते.

म्हणजे नवे बुबुळ ही कोणाची तरी अमानत आहे. ती अर्ध्या वाटेवर सोडायची नसते. निघताना त्या तरुणाने कपाटातून चष्मा आणि जुनी फाइल काढली. पुढच्या आठवड्यात तो तपासणीला जाणार आहे. शिफा अल्लाहच्या हाती आहे. दवाखान्याची वाट मात्र आपल्यालाच चालायची आहे.