उपाशी शिंगराला पहिला घास किती?

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात ओपीडीत एक पंचविशीतला तरुण धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आला. मनगटावर चाव्याची ताजी खूण होती.

"कुत्रा?" मी विचारलं.

"नाय ओ डॉक्टर, घोडा. म्हंजे शिंगरू."

जखम साबणाने धुतली, इंजेक्शन दिलं. चावणारा प्राणी सस्तन आणि त्याचा मालक बेपत्ता, म्हणून रेबीजची लसही सुरू केली. हे चालू असताना त्याने हकीकत सांगितली. दोन दिवसांपूर्वी वाडीच्या वरच्या अंगाला, आंब्याच्या बागेत ते शिंगरू सापडलं. बरगड्या मोजाव्यात असं. गळ्यातला दोर कातडीत रुतलेला. वाडीला दया आली. कुणी भाकऱ्या आणल्या, कुणी घमेलंभर कोंडा आणि गूळ, कुणी भिजवलेले चणे. शिंगराने अधाशासारखं सगळं खाल्लं. "आता मात्र उभं ऱ्हात नाय. दोर सोडवायला गेलो तर चावला."

मी माणसांचा डॉक्टर. घोड्यातलं मला फार कळत नाही. पण "उपाशी होता, पोटभर खाल्लं आणि आडवा झाला" हे वाक्य मी माणसांच्या बाबतीत अनेकदा ऐकलं आहे. पशुवैद्यक मित्राला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "मी पोचेपर्यंत आधी ते घमेलं बाजूला करायला सांग."

पुढचे सात महिने त्या शिंगराकडे मी अधूनमधून जात राहिलो. त्यातून जे शिकलो ते आज लिहितो आहे. मुद्दा एकाच शिंगराचा नाही. आपल्या दयेला घाई असते आणि घाईत केलेली दया जीवावर बेतते, हे माणसाच्या बाबतीतही तितकंच खरं आहे.

अन्नाने कसं काय बिघडतं?

अनेक दिवस अन्न मिळालं नाही की शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, मग चरबी, मग स्नायू. या काळात पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचा साठा झिजत जातो. रक्तातलं प्रमाण मात्र बरंच दिवस ठीक दिसतं. अशा शरीरात एकदम गूळ, भाकरी, धान्य पडलं की रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन उसळतं आणि साखरेबरोबर हे क्षारही रक्तातून पेशींत ओढले जातात. रक्तात त्यांचा तुटवडा होतो. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. वैद्यकात याला 'रीफीडिंग सिंड्रोम' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेले काही युद्धकैदी छावणीतल्या उपासमारीतून तगले आणि सुटकेनंतरच्या जेवणाने दगावले. तेव्हा डॉक्टरांचं या प्रकाराकडे नीट लक्ष गेलं.

म्हणूनच आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित बाळ दाखल झालं की पहिल्या दिवशी त्याला पोटभर खायला देत नाहीत. आधी एफ-७५ नावाचं सौम्य दूध, १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असलेलं, थोडं थोडं, सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. बाळ स्थिरावलं, भूक परतली की मग एफ-१००. रक्त कमी असलं तरी लोहाचं औषधही पहिल्या दिवसांत देत नाहीत, कारण त्या अवस्थेत ते अपाय करू शकतं. आजी विचारते, "डॉक्टर, एवढुशा दुधाने काय होणार त्याचं?" तिला समजावणं हा आमच्या उपचाराचाच भाग असतो.

घोड्याचं गणित वेगळं नाही, उलट जास्त नाजूक आहे. घोड्याला उलटी करता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच जाणार. मोठ्या आतड्यातले जंतू गवत पचवायला सरावलेले असतात. तिथे एकदम धान्य, गूळ पोचला की आंबतं, पोटशूळ उठतो, आणि पुढे खुरांच्या आतल्या पडद्याला सूज येऊन जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक संशोधकांनी उपाशी घोड्यांना वेगवेगळा चारा देऊन पाहिला. सर्वांत चांगला ठरला तो चांगल्या प्रतीचा सुका लसूणघास. त्यात पिष्ट कमी, प्रथिनं जास्त, आणि नेमके लागणारे क्षार भरपूर. प्रौढ घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो, मग हळूहळू वाढवत दहाव्या दिवसापर्यंत पोटभर. धान्याची चंदी या काळात पूर्ण बंद. सगळ्यांत धोक्याचे दिवस तिसरा ते पाचवा, म्हणजे 'आता खातंय, सुधारलं' असं वाटून आपण निर्धास्त होतो तेच. अंगावर पूर्ववत मांस चढायला सहा ते दहा महिने लागतात.

आमच्याकडे लसूणघास पिकत नाही. तो घाटावरून आणावा लागला. पहिले तीन दिवस त्या तरुणाने आणि त्याच्या बहिणीने रात्री गजर लावून, शिंगराच्या अंगमानाने मित्राने ठरवून दिलेला चारा वजनकाट्यावर मोजून घातला. उजाडताना आणि मावळताना ते उलट्या कुशीवर वळवलं, अंगाखाली पेंढा घातला. चौथ्या दिवशी ते आपलं आपण उठलं.

क्रम चुकवायचा नाही

त्यानंतर प्रत्येकाला घाई झाली. कुणी म्हणे जंताचं औषध द्या, कुणी म्हणे नाल ठोका, कुणी म्हणे अंघोळ घाला. मित्राने वहीत क्रमच लिहून दिला. पहिल्या दिवसापासून स्वच्छ पाणी, सावली, आणि दोराच्या जखमेची मलमपट्टी. धनुर्वाताची लस, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि त्याच्या शेणात हे जंतू असतात. अंगात थोडी ताकद आल्यावर जंतनाशक. अशक्त जनावराच्या पोटातले असंख्य जंत एकदम मेले तर तेही सोसत नाही. मग नालबंदाकडून वाढलेले खूर कापून घेणं, तेही एका बैठकीत सगळे नाहीत. त्यानंतर दर सहा ते आठ आठवड्यांनी.

एक काम मात्र थांबवता येत नव्हतं. रक्त तपासणी. 'ग्लँडर्स' हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसाला होतो आणि जिवावर बेततो. म्हणून अनोळखी घोडा गोठ्यातल्या इतर जनावरांत मिसळण्याआधी वेगळा ठेवायचा, नाकातून चिकट स्राव येतो का, अंगावर गाठी आहेत का बघायचं आणि पशुवैद्यकाला कळवायचं. दुसरा रोग 'सर्रा'. गोमाशीसारख्या चावऱ्या माश्यांमुळे घोडा, उंट, गुरं यांच्यात पसरतो. तो माणसाला होत नाही असं पाठ्यपुस्तकं सांगत. मग सुमारे वीस वर्षांपूर्वी आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात त्याचे परजीवी सापडले. तपासाअंती कळलं, की या परजीवीला मारणारं एक प्रथिन बहुतेक माणसांच्या रक्तात असतं, ते त्याच्या रक्तात नव्हतं. जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत नोंद झालेला हा रुग्ण आपल्या मातीतला. जनावरांचा दवाखाना आणि माणसांचा दवाखाना यांच्यात आपण घातलेली भिंत किती तकलादू आहे, हे यावरून कळावं.

आमच्या शिंगराचे अहवाल चांगले आले. वाडीने पेढे वाटले.

मांस चढलं, हाडं नाहीत

तीन महिन्यांत शिंगराच्या बरगड्या झाकल्या, कातडी चमकू लागली. लगेच विचारणा सुरू झाली. लग्नाच्या वरातीसाठी, किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवण्यासाठी. "आता तयार झालाय की!"

मित्राने ओठ उचलून दाखवले. समोरचे सगळे दात दुधाचे. घोड्याचा पहिला दुधाचा दात साधारण अडीच वर्षांनी पडतो, म्हणजे याचं वय त्याहून कमी. लांब हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्याशी ती भरून यायला दोन-अडीच वर्षं लागतात. पाठीच्या मणक्यांना पाच-सहा वर्षं. त्यात हे उपासमारीत वाढलेलं. बाहेरून भरलेल्या अंगावर सत्तर-ऐंशी किलोचं माणूस बसवणं म्हणजे ओल्या स्लॅबखालचे टेकू काढण्यासारखं.

आणि स्वभाव? मार खाल्लेलं जनावर हात उचलला की दचकतं. घोड्याला अगदी मागचं आणि कपाळासमोरचं जवळचं दिसत नाही, तिथून कुणी आलं की लाथ बसते. तरुणाच्या बहिणीने हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ओळखलं. ती रोज एकाच वेळी, बाजूने, बोलत बोलत जायची. आधी नुसतं शेजारी बसणं, मग खांद्याला हात, मग खरारा, मग पाय उचलणं. शिंगराने मान फिरवली की ती थांबायची. घोडा कळपातला प्राणी, एकटा झुरतो, म्हणून शेजारी एक शेळी बांधली. महिनाभरात शेळी दिसली नाही की शिंगरू खिंकाळायचं.

द्यायचं कुणाला?

खरा प्रश्न इथे येतो. कुपोषित बाळ केंद्रातून वजन वाढवून घरी जातं आणि काही महिन्यांनी तशाच अवस्थेत परत येतं, हे आम्ही पाहतो. कारण बाळ बरं झालेलं असतं, घर तसंच असतं. शिंगराचंही तेच. दत्तक देणं म्हणजे दोर दुसऱ्याच्या हातात देणं नव्हे. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. घेणाऱ्याकडे पावसाळ्याचा चारा कुठे साठवतो, नालबंद कुठून येतो, जनावराला सोबत कुणाची, चार वर्षं काम न घेता पोसणार का, हे विचारायलाच हवं. लेखी घ्यायला हवं आणि सहा महिन्यांनी जाऊन बघायलाही हवं. सापडलेलं जनावर परस्पर देताही येत नाही. पोलिसांना कळवावं लागतं आणि गुन्हा नोंद झाला असेल तर ताब्याचा निर्णय न्यायालयाचा असतो. वाडीने सापडल्याची नोंद पहिल्याच आठवड्यात केली होती, म्हणून पुढचं सोपं झालं.

आता मूळ मालकाबद्दल. वाडीत त्याला शिव्या घालून झाल्या. मीही मनात घातल्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला उपाशी ठेवणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्याचा धाक कुणाला? तरीही केवळ दंड वाढवून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. किनाऱ्यावर घोडा फिरवणाऱ्याची कमाई जूनमध्ये बंद होते, घोड्याची भूक बंद होत नाही. मुंबईत जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरीच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली आणि सरकारला पुनर्वसनाची योजना करायला सांगितलं. त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे. घोड्याचं काम थांबतं तेव्हा त्याच्या आणि त्याला पोसणाऱ्याच्या पोटाचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. किनाऱ्यावर घोडे फिरवायला परवानगी देताना पशुवैद्यकाचा दाखला आणि पावसाळ्याच्या चाऱ्याची सोय या दोन अटी घाला. आर्थिक ओढगस्तीत मालकाला जनावर आणून सोडता येईल असा निवारा जिल्ह्यात एक तरी असू द्या. गावोगावचे मोडकळीला आलेले कोंडवाडे आहेतच, त्यातला एखादा दुरुस्त करून तिथे सुका चारा आणि वेगळं ठेवण्याची जागा केली तरी चालेल. शरमेने रात्री रानात सोडून दिलेलं जनावर आणि दिवसाढवळ्या आणून दिलेलं जनावर, यात त्याच्या जीवाचा फरक असतो.

कुणी म्हणेल, माणसांचे एवढे प्रश्न असताना घोड्याचं कशाला? रत्नागिरीत बसून मला तरी असं म्हणता येत नाही. फुरशांचा हा जिल्हा. सर्पदंशाच्या रुग्णाला आम्ही जी लस शिरेतून देतो ती घोड्यांच्या रक्तापासून बनते. घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत टोचतात, आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं बाटलीत भरून आपल्याकडे येतात. मुंबईच्या हाफकिनशी हे काम पिढ्यानपिढ्या जोडलेलं आहे. भातकापणीत फुरसं चावलेली किती माणसं या बाटल्यांवर घरी गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एप्रिलमध्ये शिंगरू दिलं गेलं. वरातवाल्याला नाही, किनाऱ्यावरही नाही. तालुक्यातल्याच एका बागायतदाराकडे, ज्याच्याकडे आधीची एक म्हातारी घोडी एकटी होती. कागदावर चार वर्षं पाठीवर ओझं न टाकण्याची अट आहे. बहिणीने शेळीही बरोबर पाठवली.

तुमच्या वाडीत असं जनावर आलं तर पाणी ठेवा, सावलीत घ्या, अनोळखी प्राणी म्हणून हात जपा आणि पशुवैद्यकाला फोन करा. तो येईपर्यंत गूळ, भाकरी, कोंडा आतच राहू द्या. मूठभर सुकं गवत पुरे.