पाहुण्याआधीं पाणी

गेल्या माघांत आमच्या धाकट्या नातवानें जेवतांना मागणी मांडली, “आजोबा, मला अॅक्सोलॉटल पाळायचा आहे.” पंक्तींत हंशा पिकला, कारण हें नांव घरांत कोणीं ऐकलें नव्हतें. त्यानें चित्र दाखविलें : वीतभर लांबीचा, पापण्या नसलेला, सदा हंसतमुख दिसणारा प्राणी; आणि मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे कल्ले. “आधीं पाणी तयार करूं, मग प्राण्याचें पाहूं,” असा आमचा तह झाला.

हा प्राणी मेक्सिको शहराजवळील सोचिमिल्को सरोवराचा. तो प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारें २२४० मीटर उंच, म्हणून तेथील पाणी थंड. बेडकाचें पिलूं मोठें होतांना कल्ले टाकून जमिनीवर येतें. हा मात्र बालरूपांतच वयांत येतो आणि जन्मभर पाण्यांत राहतो. तुटलेला पायही त्यास पुन्हां फुटतो. जगभर तो पाळला जातो, परंतु मूळ स्थानीं त्याची दशा शोचनीय आहे. १९९८ सालीं तेथें दर चौरस किलोमीटरास सुमारें ६००० प्राणी मोजले गेले होते. २०१४ सालीं ते सुमारें ३६ उरले.

टाकीचें काम फारसें अवघड नाहीं. एका प्राण्यास निदान ७५ लिटरांची, उंचीपेक्षां लांबीनें मोठी अशी कांचेची टाकी घ्यावी. तळाशीं खडे घालूं नयेत. तो घास घेतांना खडे गिळतो व आंतडें अडतें. तळ मोकळा ठेवावा किंवा अगदीं बारीक वाळू पसरावी. डोळ्यांस पापण्या नसल्यामुळें उजेड मंद असावा, व लपावयास आडवा ठेवलेला मातीचा कुंभ पुरे. सोबतीस मासे ठेवूं नयेत : ते त्याचे कल्ले कुरतडतात, अथवा हाच त्यांना गिळतो. पाणी संथ राहील असा स्पंजाचा फिल्टर सर्वांत बरा.

खरें मर्म पाण्यांत आहे. प्राण्याच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो, आणि तो विष आहे. सूक्ष्म जंतूंचा एक वर्ग त्याचें नायट्राइट करितो, तेंही विषच. दुसरा वर्ग त्याचें नायट्रेट करितो, तें बरेंच सौम्य. हे जंतु स्पंजावर व वाळूवर वस्ती करितात, आणि ती वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्हीं रिकाम्या टाकींत रोज चिमूटभर माशांचें खाद्य कुजावयास टाकीत असूं, आणि नातू परीक्षेच्या थेंबांनीं अमोनिया व नायट्राइट मोजून वहींत टिपीत असे.

महिनाभरानें दोन्ही आंकडे शून्याकडे येऊं लागले. त्याच सुमारास स्पंज बुळबुळीत व मळकट दिसला. आयुष्यभराची स्वच्छतेची संवय! मीं तो नळाखालीं धरून खळखळून धुतला आणि टाकीचें सारें पाणीही बदललें. पुढें चारच दिवसांनीं अमोनिया पुन्हां वर चढला. नळाच्या पाण्यांतील क्लोरिनानें जंतूंची वस्तीच मारली होती. नातू रागावला नाहीं, त्यानें वहींत फक्त लिहिलें, “आजोबांनीं स्पंज धुतला.” तेव्हांपासून नियम झाला : आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, तेंही क्लोरिन काढलेल्या पाण्यानें, आणि स्पंज टाकींतून काढलेल्या पाण्यांतच हलका पिळावा. टाकीस श्रम कमी पडावेत असें वाटत असेल, तर आरंभीं धीर व पुढें संयम, एवढेंच भांडवल लागतें.

खाण्याचा प्रश्न निघाला तेव्हां मात्र माजघरांत शांतता पसरली. वाढलेल्या प्राण्यास आठवड्यांतून दोन-तीन वेळां गांडुळें द्यावीं लागतात. नातवाची आजी म्हणाली, “त्याचा तो धर्म आहे, पण डबा स्वयंपाकघरांत येतां कामा नये.” तोही तह झाला.

मग चैत्र लागला. या प्राण्यास १६ ते १८ अंशांचें पाणी मानवतें. २४ च्या वर त्याचे हाल सुरू होतात. आमची टाकी घरांतील सर्वांत गार कोपऱ्यांत होती, तरीही तापमापक दुपारीं ३१ दाखवी. पाणी गार करणारें यंत्र मिळतें; पण तें अहोरात्र चालावें लागतें, आणि नातेपुत्याच्या वैशाखांत वीज गेली म्हणजे काय? बर्फाच्या बाटल्या टाकाव्या, तर पाणी घटकेंत गार नि घटकेंत कोमट. तेंही त्यास बाधतें. हा प्राणी दहा-पंधरा वर्षें जगतो, म्हणजे तितके उन्हाळे आले. ज्यांच्याकडे बारा महिने गारवा व अखंड वीज आहे, त्यांनीं खुशाल पाळावा. मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अशा परदेशी प्राण्याची नोंदणी करावी लागते, तिचे कागद आधीं पाहावेत.

निर्णय मीं नातवावर सोपविला. दोन दिवस तो टाकीपाशीं बसून राहिला. तिसऱ्या दिवशीं वही माझ्या हातीं दिली. शेवटच्या पानावर होतें, “पाणी ३१. आणायचा नाहीं.” अक्षर नेहमींपेक्षां वांकडें होतें. मीं आयुष्यांत पुष्कळ वह्या तपासल्या; या वहीवर लाल शाई उमटविण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

टाकींत सध्यां पाणवनस्पति वाढत आहेत. स्पंज मी धुवीत नाहीं.