पिळदार दंडामागचा दवाखाना

सातारा-सांगलीच्या कुठल्याही चौकात उभे राहा, कुठल्या ना कुठल्या 'श्री' स्पर्धेचा फलक दिसेलच. तेल चोपडलेले दंड, पोटावरचे कट आणि खेळाडूपेक्षा मोठे पुढाऱ्यांचे फोटो! आपली मंडळेही जयंतीला 'भीमश्री' भरवतात. त्यात गैर काही नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वाकून चालायला लावले, त्याची पोरे छाती काढून मंचावर उभी राहतात याचा आम्हाला अभिमानच आहे. प्रश्न पुढचा आहे. खांदा निखळला, गुडघा गेला, मोटारसायकलवरून पडून कंबर मोडली, तर या पोराचे काय? तेव्हा व्यासपीठावरून सांगितले जाते, जिद्द ठेव, पुन्हा उभा राहा.

जिद्दीचा दाखला म्हणून हल्ली मुरलीकांत पेटकर यांचे नाव घेतात. सांगली जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या इस्लामपूरजवळच्या पेठचा हा सुपुत्र सैन्यात कारागीर होता, मुष्टियुद्ध खेळायचा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्याच माणसाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला, लोक टाळ्या वाजवून घरी गेले.

परंतु या कथेचा मधला भाग कोणी सांगत नाही. पेटकरांना गोळी लागली तेव्हा त्यांच्यामागे मुंबईचे नौदलाचे रुग्णालय होते. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. पुढे पुण्यात टेल्कोची नोकरी मिळाली. दवाखाना, तलाव आणि पगार या तीन गोष्टी मिळाल्या, म्हणून जिद्दीला हात-पाय फुटले. सरकारी सन्मानाचे म्हणाल तर १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेला अर्ज फेटाळला गेला. पद्मश्री २०१८ ला आली आणि अर्जुनचा जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये हाती पडला, तेव्हा वयाची ऐंशी उलटली होती.

त्याच महामार्गावर अलीकडे साताऱ्याच्या हद्दीत कराडजवळ गोळेश्वर आहे. तिथल्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला सरकारने पैसे दिले नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. १९५२ मध्ये कुस्तीत कांस्य आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या जमल्या. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी मिळाला. बैलगाड्या गावाने जोडल्या होत्या, सरकारने नव्हे!

आता आमच्या वस्तीतला पोरगा पाहा. सकाळी जिममध्ये ट्रेनर, रात्री लग्नात किंवा हॉटेलच्या दारात बाउन्सर. अंडी, चिकन, प्रोटीनचा डबा, सगळे उसनवारीवर. लवकर फुगायचे म्हणून कोणी सुई टोचली तर हृदय आणि किडनी पणाला. हा खेळाडू आहेच, त्याआधी तो कामगार आहे, आणि त्याचे शरीर हेच त्याचे अवजार आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी अडारकरांकडे काम सोपवले गेले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य विमा कायदा घडला. आजारी पडलेल्या कामगाराला मालकाची दया नको, हक्काचा दवाखाना हवा, हा त्यामागचा विचार. मात्र दहापेक्षा कमी माणसांच्या जागी या विम्याची सहसा सक्ती नाही. गल्लीतल्या जिममध्ये ट्रेनर असतात दोन-तीन. बाउन्सर तर ठेकेदाराचा, एका रात्रीपुरता.

कायदा खाली आणण्यासाठी लढावे लागेल, वेळ लागेल. तोवर मंडळांनी एक तरी करावे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख मिळतात, अंशतः आल्यास एक लाख. दवाखान्याचे बिल त्यात निघत नाही, हे खरे. तरी पन्नास स्पर्धकांचे हजार रुपये होतात. डीजेचे एका रात्रीचे भाडे किती असते ते मंडळांना आम्ही सांगायला नको. येत्या 'भीमश्री'च्या प्रवेशअर्जावर वजनगटाच्या रकान्याशेजारी विम्याचा रकाना छापा, आणि ज्याचे बँक खाते नसेल त्याला स्पर्धेआधी खाते उघडून द्या.